पूर्वाच्या वतीने

पूर्वा तेरा वर्षांची झाली तरी घराबाहेर तिचा आवाज कोणी धड ऐकलेला नव्हता, आणि त्याचं कोणाला फारसं नवलही वाटत नव्हतं, कारण तिच्या वाटचं सगळं तिची आई बोलत असे. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या दुकानात दुकानदारानं विचारलं, "बेटा, कौन सा रंग दिखाऊँ?" की अंबिका म्हणायची, "आसमानी दिखाओ भिया, इसको वही पसंद है." डॉक्टरनं विचारलं, कुठं दुखतंय, की अंबिका स्वतःच्या पोटावर हात ठेवून नेमकी जागा दाखवायची. पाहुण्यांनी विचारलं, कितवीत गेलीस गं, की पूर्वा आईकडे बघायची आणि आई सांगायची, "आठवीत. गणितात हुशार आहे हो, पण बोलतच नाही. काय करावं?"

हे "काय करावं" म्हणताना अंबिकाच्या कपाळावर आठी असायची, पण पोटात मात्र गोड वाटायचं. कारण हीच मुलगी घरी आली, दप्तर टाकलं, की स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जे सुरू व्हायची ते थांबायचं नाव नाही. वर्गात कोण कोणाशी भांडलं, विज्ञानाच्या मॅमनी नवीन चष्मा घेतला, बसमधल्या मुलानं सगळ्यांच्या डब्यातली शेव खाल्ली, सगळं सगळं. जगात दुसऱ्या कोणालाही न मिळणारी गोष्ट आपल्याला रोज फुकट मिळते, हे अंबिकाला पक्कं ठाऊक होतं.

अंबिका स्वतः बोलण्यात पटाईत. तुकोगंजमधल्या एका दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर होती. दाढ ठणकत आलेला माणूस तिच्याशी बोलता बोलता निम्मा बरा व्हायचा. तिचा नवरा भूषण पिथमपूरच्या एका कारखान्यात हिशेब बघायचा. सकाळी कंपनीची बस धरायची, संध्याकाळी दमून परत यायचं. घरातलं बोलणं त्यानं कधीच बायकोवर सोपवून टाकलं होतं.

तर झालं असं, की वार्षिक परीक्षेनंतर शाळेतून बोलावणं आलं. पूर्वा तोंडी परीक्षेत एक शब्द बोलली नव्हती. तिन्ही विषयांत भोपळा. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "लिखने में तो इतनी अच्छी है. पर आगे कैसे चलेगा, आप ही बताइए." एरवी गप्प राहणाऱ्या भूषणनं त्या दिवशी घरी आल्यावर तोंड उघडलं. त्याच्या ऑफिसातल्या एकाचा मुलगा असाच बुजरा होता आणि उन्हाळ्याच्या नाटकाच्या शिबिरात जाऊन सुधारला होता. शिबिर घराजवळच, स्नेहलतागंजमधल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये भरायचं.

"नाटक?" अंबिका हसली. "जी मुलगी भाजीवाल्याला कोथिंबीर मागत नाही, ती नाटक करणार?"

"करून तर बघू," भूषण म्हणाला. "नाही जमलं तर नाही."

नाही जमणार याची अंबिकाला खात्री होती, म्हणूनच ती लगेच तयार झाली.

शिबिर घेणारी निधी तिशीची होती. खांद्यापर्यंत कापलेले केस, ढगळ कुर्ता. बाहेरगावी नाटकाचं शिक्षण घेऊन इंदूरला परत आलेली, अजून एकटीच राहणारी. अंबिकानं पहिल्याच दिवशी रीतसर ओळख करून दिली. "नमस्कार निधीजी. ही पूर्वा. हिला अनोळखी माणसांसमोर बोलवत नाही. काही विचारायचं असलं तर मला विचारा, मी इथेच बसलेय."

निधीनं पूर्वाकडे बघून विचारलं, "टाळी वाजवता येते?"

"हो हो, येते की," अंबिका म्हणाली.

निधी पूर्वाकडेच बघत राहिली. जरा वेळानं पूर्वानं मान हलवली.

"बस, मग झालं. चल आत." आणि मग अंबिकाकडे वळून, "ताई, पालकांना आत बसता येत नाही. बाहेर बाकं आहेत, कूलरही आहे."

तेवढ्या तासांपुरती दवाखान्यातून सुट्टी घेतलेली अंबिका बाकावर बसली. दाराच्या वरच्या भागाला काच होती. उठून उभं राहिलं की आतलं दिसायचं, म्हणून ती बराचसा वेळ उभीच राहायची. मुलं गोल करून टाळी एकाकडून दुसऱ्याकडे देत होती. मग नाव सांगायचा खेळ आला. कोणी भाजीवाल्यासारखं ओरडून नाव सांगितलं, कोणी रेल्वेच्या घोषणेसारखं. पूर्वाची पाळी आली तेव्हा अंबिकाचे ओठ काचेबाहेर आपोआप हलले, "पूर्वा." आत पूर्वानं नुसती टाळी वाजवली, आणि निधीनं ती टाळी हेच तिचं नाव असल्यासारखी पुढच्या मुलाकडे दिली. कोणी हसलं नाही, कोणी थांबलं नाही.

पहिला आठवडा असाच गेला. अंबिका मनात म्हणायची, बघा, मी सांगितलं नव्हतं? मग निधीनं मुलांना नाटक वाचून दाखवलं. तिनंच लिहिलेलं. एका घरातली माणसं डासावर खटला भरतात, की हा आम्हाला झोपू देत नाही. डासाचा वकील म्हणतो, माझा अशील तुमच्याच कूलरच्या पाण्यात जन्मला, म्हणजे तो तुमच्याच घरचा झाला. डास झाला देवांश, त्यांच्याच गल्लीतला बडबड्या मुलगा. आणि न्यायाधीश कोण, तर निधीनं एक लाकडी हातोडा आणून पूर्वाच्या हातात दिला.

"तुला बोलायचं काही नाही," ती म्हणाली. "गोंधळ झाला की फक्त हातोडा आपटायचा. पण असा आपटायचा की सगळे गप्प झाले पाहिजेत."

पूर्वा दोन दिवस हातोडा आपटत राहिली. तिसऱ्या दिवशी देवांश मुद्दाम गप्पच होईना. खुर्चीवर चढून नुसता भुणभुणत राहिला. पूर्वानं एकदा आपटला, दोनदा आपटला, आणि मग अख्ख्या हॉलला ऐकू गेलं, "अरे चूप!"

काचेबाहेर अंबिका काचेला आणखी चिकटली. आनंद झालाच तिला, नाही कसं म्हणायचं? तिची पोटची पोर होती ती. पण त्या आनंदाला मागून काहीतरी टोचत होतं. तेरा वर्षं जे आपण करू शकलो नाही, ते ह्या बाईनं एका लाकडाच्या तुकड्यानं केलं. आणि ते तरी खरं होतं का? आपण कधी करायला गेलो होतो का? हा दुसरा प्रश्न मनात आला तसा अंबिकानं तो झटकून टाकला आणि पर्समधलं पाणी प्यायली.

त्या दिवसापासून घरात एक नवीन शब्द शिरला. दीदी. दीदी म्हणते मोठ्यानं नाही बोलायचं, लांब बोलायचं, शेवटच्या रांगेपर्यंत. दीदी म्हणते हात कुठं ठेवायचे ते हातांनाच कळतं. दीदीला आमरसात वेलची नाही आवडत. दीदीनं आज पिवळा कुर्ता घातला होता, एकदम मस्त. अंबिका पोळी लाटता लाटता ऐकायची आणि पोळी एका बाजूला जाड व्हायची.

"इकडे ये, मी दाखवते," एकदा ती म्हणाली. "न्यायाधीश असा बसतो, पाठ ताठ, मान वर."

"नको आई," पूर्वा म्हणाली. "दीदी म्हणते आपलं आपण शोधायचं."

"मग शोध," अंबिका म्हणाली, आणि गॅस उगीच जोरात बंद केला.

दवाखान्यात दुपारी कोणी नसलं की ती मोबाइलवर निधीचे फोटो शोधून बघू लागली. मागच्या वर्षीची मुलं, त्याच्या आधीच्या वर्षीची मुलं, प्रत्येक फोटोत कोणीतरी निधीच्या गळ्यात पडलेलं. अंबिका फोटो मोठा करून बघायची. हसणं खोटं वाटतंय का, डोळ्यांखाली काळं आहे का. दुसऱ्यांचीच मुलं गोळा करायला हिचं काय जातंय, रात्री ताप आला तर ही जागणार आहे का, असं काहीबाही तिच्या मनात यायचं. विचार वाईट आहेत हे तिला कळत होतं, पण खाजेवर नख फिरवावं तसं ते करताना बरंही वाटत होतं.

आणि मग ती दुपार आली. तालीम संपली होती, मुलं पांगली होती. अंबिका दवाखान्यातून थेट हॉलवर आली तर पूर्वा आणि निधी जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या. पूर्वा बोलत होती. नुसती बोलत नव्हती, हात उडवत, केस मागे टाकत, मधेच गप्प होऊन परत सुरू करत, अगदी ओट्याला टेकून बोलायची तशी. निधी गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होती, एका शब्दानंही मधे न पडता. अंबिका फाटकाशीच थांबली. पूर्वाचं लक्ष गेलं तशी ती एकदम गप्प झाली आणि चपला शोधू लागली.

"काय सांगत होतीस एवढं?" रस्त्यात अंबिकानं विचारलं.

"काही नाही."

अंबिकाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "अगं, एवढा वेळ बोलत होतीस ना?"

"असंच. काही नाही आई."

जन्मात पहिल्यांदा हे उत्तर तिला मिळालं होतं. त्या संध्याकाळी पूर्वा ओट्याशी आली, पाणी प्यायली आणि हातोडा घेऊन गच्चीवर तालीम करायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अंबिका मुद्दाम लवकर गेली. निधी एकटीच पडदा शिवत बसली होती.

"निधीजी, काल पूर्वा काय सांगत होती? काही टेन्शन आहे का तिला?"

निधीनं सुई थांबवली. "काळजीसारखं काही असतं तर मी तुम्हाला लगेच सांगितलं असतं. पण तसं नाही. तिनं मला विश्वासानं सांगितलंय, ताई. मी नाही सांगणार."

"मी आई आहे तिची."

"म्हणूनच म्हणते, तिलाच विचारा ना."

निधी हे अगदी साधेपणानं म्हणाली, त्यात टोमणा नव्हता. पण अंबिकाला तोंडावर दार लावल्यासारखं झालं. दिवसभर दवाखान्यात तिचं कशात लक्ष लागेना. एकाची वेळ दुसऱ्याला दिली, डॉक्टरांची बोलणी खाल्ली. माझी मुलगी, आणि मला म्हणते तिला विचारा. माझ्याकडे यायला आता हिची परवानगी लागणार!

प्रयोग रविवारी होता. गुरुवारी सकाळी, पूर्वा आंघोळीला गेली असताना, अंबिकानं बाल्कनीत जाऊन निधीला फोन लावला.

"निधीजी, वाईट वाटतंय सांगताना, पण पूर्वाला नाटक नाही करायचं. खूप घाबरलीय ती. रात्रभर रडत होती. तुम्हाला सांगायची हिंमत नाही तिच्यात, म्हणून मी तिच्या वतीने बोलतेय."

"काल तर इतकी छान तालीम केली तिनं," निधी म्हणाली. "एकदा तिच्याशी बोलू द्याल?"

"आत्ता कुठे झोपलीय. प्लीज, जबरदस्ती नका करू."

"नाही, जबरदस्ती नाही करणार," निधी म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "तिला सांगा, मी रागावलेली नाही. आणि मन बदललं तर अगदी शेवटच्या मिनिटालाही ये म्हणावं."

फोन ठेवून अंबिका बाल्कनीतून आत आली. सोपं होतं किती! आयुष्यभर जे करत आलो तेच केलं, पूर्वाच्या वाटचं बोललो. पूर्वा न्हाऊन आली तेव्हा तिनं सांगून टाकलं, "निधीजींना ताप आलाय. दोन दिवस तालीम नाही."

पूर्वाचा चेहरा पडला. "खूप ताप आहे? आई, तू फोन करून विचार ना, डॉक्टरकडे गेली का."

आता आली का पंचाईत. अंबिकानं फोन कानाला लावला आणि बंद फोनवर ती बोलू लागली. "हॅलो निधीजी, कसं वाटतंय? हो का? औषध घेतलं ना? हो, सांगते सांगते, ती इथेच उभी आहे." पूर्वा समोर उभी राहून एकटक बघत होती, ओल्या केसांतून पाणी टपकत होतं. "बऱ्या आहेत," अंबिका म्हणाली. "म्हणाल्या, पूर्वाला सांगा काळजी करू नकोस."

तिची स्वतःचीच जीभ तिला जड वाटली. पण त्या दुपारी पूर्वा घरात होती. ओट्याशी बसून तिनं कैऱ्या किसून दिल्या, थोडं बोललीही. अंबिकाला वाटलं, सगळं परत जागच्या जागी आलं. फक्त बोलणं सगळं दीदीच्या तापाचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजली. अंबिका नुकतीच कामावरून आली होती. दार पूर्वानं उघडलं. बाहेर देवांश उभा, सायकलवरून आल्यामुळे घामाघूम.

"हातोडा दे," तो म्हणाला. "दीदीने मँगवाया है."

"दीदीला ताप आहे ना?"

"ताप? अरे, दीदी तो सुबह से सेट लावतेय. तू तो सच में छोड़ दी क्या नाटक? दीदी म्हणाली तू घाबरलीस, तुला कोणी काही बोलायचं नाही. जजचा रोल अजून कोणाला दिला नाही तिने. खुर्ची रिकामी ठेवूनच तालीम केली आम्ही."

पूर्वा दारातच वळली. अंबिका सोफ्याजवळ उभी होती, पर्स अजून खांद्याला. मुलीनं काही विचारलं नाही. आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. मग ती पुढे आली आणि आईच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातून तिनं फोन काढला.

पूर्वानं आजवर परक्या माणसाला कधी फोन केला नव्हता. आजीचा फोन आला तरी ती मान हलवायची आणि अंबिका सांगायची, ती हो म्हणतेय. आता तिनं नंबर शोधला, लावला आणि फोन कानाशी धरला.

"दीदी, मी पूर्वा बोलतेय."

आवाज बारीक निघाला. तिनं श्वास घेतला आणि परत बोलली, लांब.

"मी पूर्वा. मी घाबरले नाहीये. मी येणार आहे. आईने मला न विचारता सांगितलं तुम्हाला." मग ऐकत राहिली. "हो. हातोडा घेऊन येते. आत्ताच येते."

देवांश एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत उभा होता. त्यालाही काहीतरी कळलं असावं, कारण तो जन्मात पहिल्यांदा गप्प होता. "मी खाली थांबतो," म्हणून तो जिना उतरून गेला.

"पूर्वा, ऐक," अंबिका म्हणाली. "मी तुझ्या भल्यासाठी..." वाक्य तिच्याच्यानं पुरं होईना. मग जे आत होतं तेच बाहेर पडलं. "तू तिला सांगतेस. मला नाही सांगत. काय सांगितलंस तिला एवढं? मी कोणी नाही का?"

"तुला सांगितलं की ते सगळ्यांना कळतं," पूर्वा म्हणाली.

"म्हणजे?"

"पाचवीत मी चुकून मॅमना आई म्हटलं होतं. सगळा वर्ग हसला. मी घरी येऊन रडले, तुला सांगितलं. आणि तू गणपतीत देवासला सगळ्यांसमोर सांगितलंस. माझी नक्कल करून. मामा अजून मला बघितलं की म्हणतो, आई गं! दवाखान्यात पण सांगितलंस. एक आंटी मला म्हणाली, तू वही है ना." पूर्वाचे डोळे भरून आले होते, पण आवाज टिकून होता. "तेच सांगितलं दीदीला. तिने कोणालाच नाही सांगितलं. तुला पण नाही."

अंबिकाला तो गणपती आठवला. किती हसली होती सगळी! आपण किती लाडानं सांगितलं होतं! त्या हसण्यात पूर्वा कुठं बसली होती, तिचा चेहरा कसा होता, हे मात्र काही केल्या आठवेना.

पूर्वा हातोडा घेऊन निघून गेली. अंबिका सोफ्यावर बसली. भूषण आला तेव्हा ती तशीच बसलेली होती, आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. त्या बंद फोनचंसुद्धा. भूषणनं ऐकून घेतलं. "ही गोष्ट मी कोणाला सांगणार नाही," एवढंच तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा होता की माया, ते तिला कळलं नाही.

शनिवारी ती हॉलवर गेली. पूर्वा तिच्या आधीच देवांशबरोबर पुढे गेली होती. घरात गरजेपुरतं बोलत होती, पाणी दे, डबा कुठे आहे, एवढंच. निधी स्टेजवर वाकून खुणा करत होती. अंबिकाला बघून ती खाली उतरली.

"मी खोटं बोलले तुमच्याशी," अंबिका म्हणाली.

"माहितीये."

"माफ करा."

निधीनं हात पुसले. "माझ्याशी खोटं बोललात, त्याचं एवढं काही नाही ताई. लोक बोलतात. पण तिच्या तोंडचं बोललात, त्याचा राग आला मला. दोन दिवस मी इथे डोकं धरून बसले होते, की माझंच काय चुकलं, मी तिला जास्त ताणलं का."

अंबिकाला वाटलं होतं की ही काहीतरी समजूतदार बोलेल, पाठीवर हात ठेवेल. तसं काही झालं नाही. आणि विचित्र म्हणजे त्यामुळेच तिला जरा बरं वाटलं.

"मला तुमचा हेवा वाटतो," ती एकदम म्हणून गेली. "अजून वाटतो. माफी मागतेय तरी वाटतोय."

निधीनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "वाटू दे," ती म्हणाली. "उद्या पाचला प्रयोग आहे. वेळेवर या, उशिरा आलेल्यांना मी आत सोडत नाही."

रविवारी हॉल गच्च भरला होता. पंखे फिरत होते तरी लोक कार्यक्रमाच्या कागदांनी वारा घेत होते. भूषणनं पुढच्या जागा धरल्या होत्या, पण अंबिका मागे, शेवटच्या रांगेत जाऊन बसली. पुढे बसलो तर आपले ओठ हलतील, पूर्वाला दिसतील, अशी तिला धास्ती होती.

पडदा उघडला. उंच खुर्चीवर काळा डगला घातलेली पूर्वा. नाकाखाली पांढऱ्या रंगानं काढलेली जाड मिशी. देवांश पंख हलवत आला तशी हॉलमधली पोरं खिदळू लागली. मराठीत मधेच हिंदी घुसत होती, एक मुलगी "अशील"च्या जागी "अश्लील" म्हणाली आणि म्हाताऱ्या मंडळींना खोकला लागला. पूर्वानं हातोडा आपटला. "शांतता!" तो शब्द सरळ शेवटच्या रांगेपर्यंत आला.

खटला रंगात आला आणि नको ते झालं. पूर्वानं जोरात हातोडा आपटला आणि त्याचं डोकं निसटून थेट डासाच्या वकिलाच्या पायाशी जाऊन पडलं. वकिलाची दातखीळ बसली. हॉल हसायला लागला, मोठ्यानं, सगळेच्या सगळे. अंबिकानं खुर्चीचा हात घट्ट धरला. हसू नका, तिला वाटलं, अरे हसू नका तिला.

पूर्वानं हातातल्या दांड्याकडे बघितलं. मग समोर, लोकांकडे. मग वकिलाला म्हणाली, "बघताय काय? उचला, आणि तिकडे बसा. हातोडा दुरुस्त झाला की हाक मारते. तोवर कोणी काही चावायचं नाही."

यावर जे हसू उसळलं ते वेगळंच होतं. टाळ्याही पडल्या. पुढच्या रांगेतून भूषण मागे वळून अंबिकाला शोधू लागला. कारण "तिकडे बसा, झालं की हाक मारते, तोवर काही चावायचं नाही," हे अंबिका दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. सुट्टीत पूर्वा तिथं कोपऱ्यात बसून गृहपाठ करायची, तेव्हा तिच्या कानात बसलं असणार. अंबिकाला हसू आलं, रडूही आलं. आणि तेवढ्यात तिची नजर विंगेत गेली. तिथं निधी तोंडावर हात दाबून हसत होती, आणि पूर्वानं क्षणभर मान वळवून तिच्याकडे बघितलं. शेवटच्या रांगेकडे नाही, तिच्याकडे. ते मात्र अंबिकाला बाभळीच्या काट्यासारखं रुतलं.

प्रयोग संपल्यावर सगळे आईबाप आत घुसले. अंबिका दाराशी थांबली. आत पूर्वा निधीच्या गळ्यात पडली होती, निधीच्या कुर्त्यावर पांढरी मिशी उमटली होती. अंबिकाला आत जायचं होतं. फार जायचं होतं. मुलीला त्या मिठीतून ओढून घ्यावं, इतकं वाटत होतं. ती तिथंच उभी राहिली.

थोड्या वेळानं पूर्वानं तिला बघितलं आणि ती आपणहून आली.

"मागे बसली होतीस?"

"हो."

"तिथपर्यंत ऐकू आलं?"

"सगळं," अंबिका म्हणाली. "शब्द न् शब्द." पुढं बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं, पण ती थांबली.

पूर्वा डगल्याच्या बाहीशी चाळा करत उभी राहिली. "सगळे जण आइस्क्रीम खायला चाललेत. मी जाऊ?"

"जा. अंधार पडायच्या आत ये."

भूषण आणि ती स्कूटरवरून घरी आले. तिनं खिचडी टाकली. देवासहून भावाचा फोन आला, नाटक कसं झालं म्हणून. "छान झालं," ती म्हणाली. "आणि दादा, एक सांगायचं होतं. ते आई गं म्हणून तिला चिडवणं आता बंद कर. नाही, ती काही बोलली नाही, मी सांगतेय. माझ्या वतीने." भाऊ हसला, मग ती गंभीर आहे हे कळून हो म्हणाला.

दिवे लागले तेव्हा पूर्वा आली. फार काही बोलली नाही. खिचडी खाल्ली, आणि खाता खाताच तिचे डोळे मिटायला लागले. मिशी अजून अर्धी तशीच होती, गालावर पसरलेली. अंबिका खोबरेल तेल आणि कापूस घेऊन तिच्याजवळ बसली.

"दीदीने सांगितलं होतं पुसायला," पूर्वा झोपेत पुटपुटली. "मीच विसरले."

अंबिकाचा हात थांबला. मग तिनं कापूस परत तेलात बुडवला.

"मान वर कर जरा," ती म्हणाली, आणि पांढरा रंग हळूहळू पुसत राहिली.